सुई फिरवण्याआधी डब्याचं झाकण बघा



या आठवड्याच्या व्हिडिओचा विषय आहे मॉडेल विमानाचं इंजिन. तुमच्यापैकी बरेच जण म्हणतील, आमचं मिक्सर दुरुस्तीचं दुकान, आमचा याच्याशी काय संबंध? संबंध आहे. वस्तू बंद पडली की ग्राहक घाईत असतो, दुकानदार अंदाज बांधतो, पार्ट बदलला जातो आणि दोन दिवसांनी तीच वस्तू परत काउंटरवर येते. छोट्या इंजिनात हा खेळ फार स्पष्ट दिसतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. इंजिन नीट चालत नसेल तर पहिला संशय इंधनावर घ्या, सुईला हात सगळ्यात शेवटी लावा. आणि दुकानदार असाल तर पार्ट विकण्याआधी दोष शोधा, त्याचे वेगळे पैसे घ्या.

आधी इंजिन समजून घेऊ. आपल्याकडे एनसीसीच्या एअर विंगमध्ये किंवा कॉलेजच्या एरोमॉडेलिंग क्लबमध्ये मुलं जी छोटी इंजिनं वापरतात, त्यातली बरीच ग्लो इंजिनं असतात. ती पेट्रोलवर चालत नाहीत. त्यांचं इंधन म्हणजे मुख्यतः मिथेनॉल, त्यात एरंडेल किंवा सिंथेटिक तेल, आणि कधी कधी नायट्रोमिथेन. प्लगमध्ये प्लॅटिनमयुक्त धातूची बारीक तार असते. सुरू करताना तिला बॅटरी लावून तापवतात. एकदा इंजिन चालू झालं की बॅटरी काढली तरी तार लाल राहते, कारण सिलिंडरमधली उष्णता असते आणि प्लॅटिनमवर मिथेनॉलची प्रक्रिया चालू असते. म्हणजे या इंजिनात इंधन हा पेटवण्याच्या यंत्रणेचाच भाग आहे. इंधन बिघडलं की प्लग निर्दोष असूनही वाईट वागतो.

आता आपल्या जागेचा मुद्दा. दिघा एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला पारसिकचा डोंगर, अशा पट्ट्यात आहे. पावसाळ्यात इथली हवा किती दमट असते हे तुम्हाला सांगायला नको. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पेट्रोलमध्ये पाणी गेलं तर ते खाली बसलेलं दिसतं. मिथेनॉलमध्ये पाणी पूर्ण मिसळतं, डोळ्यांना काहीच कळत नाही. डब्याचं झाकण सैल राहिलं, किंवा अर्धा रिकामा डबा महिनोन्‌महिने पडून राहिला, की तेच इंधन पुढे इंजिनाला त्रास देतं. मग मुलगा येतो आणि म्हणतो, "दादा, प्लग गेलाय, नवा द्या."

रेसिंगमध्ये हे जास्त महागात पडतं. कंट्रोल लाइन टीम रेसिंगचा आंतरराष्ट्रीय प्रकार, एफ२सी, बघा. तीन पायलट एकाच वर्तुळाच्या मध्यभागी उभे राहून तारांना बांधलेली तीन विमानं एकाच वेळी उडवतात. साधी शर्यत १०० फेऱ्यांची, म्हणजे १० किलोमीटरची. अंतिम शर्यत २०० फेऱ्यांची. टाकी इतकी छोटी की मध्येच उतरून इंधन भरावं लागतं. पायलट वर्तुळात असतो, मेकॅनिक बाहेर बसून विमान पकडतो, भरतो, सोडतो. तिथली इंजिनं ग्लो नसतात, इथर आणि केरोसीनच्या मिश्रणावर चालणारी डिझेल जातीची असतात. त्यांना सुईसोबत कॉम्प्रेशनचा स्क्रूही असतो. मिश्रणात इंधन जास्त झालं तर टाकी लवकर संपते, एक थांबा वाढतो. कमी झालं तर इंजिन तापून दम सोडतं. दोन स्क्रू हाताशी असताना दोन्ही एकदम फिरवायचा मोह होतो, आणि मग नेमकं कशामुळे काय झालं ते कुणालाच कळत नाही.

म्हणून ग्लो इंजिनसाठी माझा क्रम असा आहे. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदल वहीत.

१. इंधन. नवीन, सीलबंद डब्यातलं थोडं इंधन टाकून बघा. इंजिन सुधारलं तर दोष सापडला, खर्च जवळपास शून्य.

२. प्लग. इंजिन चालू असताना बॅटरी काढा. आवाज लगेच पडला तर प्लग कमजोर आहे, किंवा त्या इंधनाला जुळत नाही. बंद इंजिनातून काढून तार बघा. वाकडी, तुटलेली किंवा काळवंडलेली असेल तर बदला.

३. टाकी आणि नळी. टाकीच्या आत नळीला एक वजन लावलेलं असतं. नळीला बारीक भोक असेल तर इंधनासोबत हवा जाते. पारदर्शक नळीत बुडबुडे दिसले की समजा. टाकी थरथरत असेल तर इंधनाला फेस येतो, तिच्याभोवती स्पंज लावा. टाकीची उंची सुईच्या पातळीच्या जवळपास हवी.

४. हवेची गळती. मागचं झाकण आणि कार्ब्युरेटरचा सांधा घट्ट आहे का बघा.

५. सुई. आता हात लावा. धूर भरपूर आणि आवाज जड असेल तर इंधन जास्त होतंय. सुरुवातीला जोरात पळून मग आवाज बसत असेल तर इंधन कमी पडतंय. शंका असेल तर थोडं जास्त इंधन देणं बरं, कारण कोरडं पळालेलं इंजिन जळतं. नायट्रोचं प्रमाण वाढवलं असेल तर सुई थोडी उघडावी लागते, कारण नायट्रोमिथेनला तेवढ्याच हवेत जास्त इंधन लागतं.

हे सगळं करताना पंख्याच्या पातीच्या रेषेत उभं राहू नका. सुईला हात नेहमी पातीच्या मागून घाला.

दिवस संपला की टाकी रिकामी करा, इंजिनात उरलेलं इंधन जाळून टाका, दोन थेंब तेल घाला. राहिलेलं मिथेनॉल पाणी ओढतं आणि बेअरिंगला गंज चढतो.

"सर, ग्राहक एवढा वेळ थांबत नाही, आणि तपासणीचे पैसेही देत नाही," असा प्रश्न येणारच. ठीक आहे, हिशोब करू. समजा, प्लग ५०० रुपयांचा आणि त्यात तुम्हाला ८० सुटतात. दोष इंधनात होता, म्हणून मुलगा परत येतो. तुम्ही वाद घालता, नाहीतर प्लग बदलून देता. ८० गेले, अर्धा तास गेला, त्याच्या क्लबमधली दहा पोरंही गेली. त्याऐवजी १०० रुपये तपासणी घ्या, पाच ओळींची चिठ्ठी लिहून द्या, पार्ट लागलाच तर ते १०० बिलातून वजा करा. ग्राहक चिठ्ठीवर विश्वास ठेवतो, कारण त्याला दिसतं की तुम्ही बघितलंय.

आता शेवटचा मुद्दा, आणि इथे मी अजिबात तडजोड करत नाही. मिथेनॉल हे विष आहे. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, त्या दारूत मिथेनॉल होतं. तेच द्रव्य काही जण पाण्याच्या बाटलीत सुटं भरून विकतात. असं करू नका. घरात लहान मूल असतं, तहानलेला माणूस असतो. मिथेनॉल पोटात गेलं तर डोळे जाऊ शकतात, जीव जाऊ शकतो. लक्षणं उशिरा दिसतात, म्हणून वाट न बघता ताबडतोब हॉस्पिटल गाठायचं. दिवसाच्या उजेडात त्याची ज्योतही नीट दिसत नाही.

विष अधिनियम, १९१९ खाली मिथेनॉलच्या साठ्यावर आणि विक्रीवर राज्याचे नियम लागू होतात. परवान्याची चौकशी केल्याशिवाय माल भरू नका. आणि जानेवारी २०२४ मध्ये दिघा गाव स्टेशन सुरू झाल्यापासून लोकलने येणारं गिऱ्हाईक वाढलंय, म्हणून सांगतो, ज्वालाग्राही माल गाडीतून नेणं रेल्वे कायद्याने गुन्हा आहे. "बॅगेत टाकतो, कुणाला कळतंय," म्हणणाऱ्या मुलाला डबा देऊ नका. विक्री बुडेल, बुडू द्या.

या आठवड्याचं काम: वरचा पाच पायऱ्यांचा क्रम तुमच्या मालाप्रमाणे बदलून एका कागदावर लिहा आणि काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवा. मिक्सर असो, पंखा असो की विमान, पहिली ओळ सगळ्यात स्वस्त तपासणीची हवी. महिनाभर वहीत नोंद ठेवा आणि किती वस्तू पार्ट न बदलता सुरू झाल्या ते मोजा. तो आकडा हाच तुमच्या तपासणी फीचा आधार.