घड्याळ पुढे जातं की वेळ?

"सर, उंचीवर घड्याळ पुढे जातं हे मान्य. पण म्हणून वेळच बदलते कसं म्हणायचं? घड्याळ शेवटी यंत्रच." लेहच्या पोस्टिंगमध्ये एका तरुण कॅप्टनने मेसमध्ये हा प्रश्न टाकला. प्रश्न रास्त आहे. माझं मत मात्र ठाम आहे: बदलते ती वेळच.

आधी त्याच्या बाजूने बोलतो. १६७२ मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ज्याँ रिशे विषुववृत्ताजवळच्या कायेनला गेला, तेव्हा त्याचं लंबकाचं घड्याळ पॅरिसच्या मानाने दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं. तिथे गुरुत्वाकर्षण किंचित कमी, म्हणून लंबक मंद. हा दोष घड्याळाचाच. शेजारी स्प्रिंगचं घड्याळ असतं तर ते असं मागे पडलं नसतं.

इथेच कसोटी मिळते. वेगवेगळ्या बनावटीची घड्याळं घ्या. एकच बिघडलं तर यंत्राचा दोष. सगळी सारख्याच प्रमाणात बदलली, तर?

नेमकं तेच दिसलं आहे. १९६० मध्ये हार्वर्डला २२.५ मीटर उंचीच्या फरकावर लोहाच्या अणुकेंद्रातून निघणारे गॅमा किरण तपासले. १९७६ मध्ये हायड्रोजनचं घड्याळ रॉकेटने १०,००० किलोमीटर वर नेलं. २०१० मध्ये अमेरिकेत ॲल्युमिनियम आयनचं घड्याळ फक्त ३३ सेंटीमीटर उचललं. बनावट वेगळी, पण फरक आइन्स्टाइनच्या सूत्राबरहुकूम. शिवाय दिशा पाहा: उंचावर लंबक मंदावतो, ही घड्याळं मात्र पुढे जातात. म्हणजे कारण लंबकाचं नव्हे.

आपल्या हातातला जीपीएस संचही हेच सांगतो. उपग्रहाचं घड्याळ कमी गुरुत्वाकर्षणामुळे दिवसाला सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातं, वेगामुळे ७ मागे पडतं. उरलेले ३८ दुरुस्त केले नाहीत, तर अंतराच्या हिशेबात दिवसाला ११ किलोमीटरहून जास्त चूक साचेल. तोफखान्यातल्या मंडळींना याचा अर्थ समजावायला नको.

कॅप्टन म्हणाला, "पण खरी वेळ कुठेतरी अबाधित असेलच ना?" असेल, तर ती कोणत्याच घड्याळात, अणूत वा किरणात दिसत नाही. जी गोष्ट एकाही निरीक्षण चौकीला कधीच दिसू शकत नाही, तिच्यावर मी तरी प्लॅन आखणार नाही.

हिशेब केला तर लेहला दोन वर्षं काढलेला जवान रत्नागिरीच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या घरच्यांपेक्षा सुमारे २४ मायक्रोसेकंद जास्त जगलेला असतो. पेन्शनमध्ये ते धरत नाहीत, पण ते खरे असतात.