नुसतं पाणीच तर आहे!

"जलरंग का? बरं बरं. मग खरं पेंटिंग कधी सुरू करणार?"

या उन्हाळ्यात हा प्रश्न मला काकांनी विचारला, मावशीने विचारला आणि एका गॅलरीवाल्यानेही विचारला. काका-मावशींना सगळं माफ आहे. पण गॅलरीवाला? त्याने चित्रं न बघताच निकाल दिला, की कागदावरच्या कामाला कॅनव्हासची किंमत येत नाही. का? तर म्हणे कागद टिकत नाही.

अहो, कसा टिकत नाही? सुती लगद्याचा चांगला कागद घ्या, न उडणारे रंग वापरा, काचेखाली लावा आणि थेट उन्हापासून लांब ठेवा. पिढ्या जातील! म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं हळदणकरांचं ते हातात दिवा घेतलेल्या मुलीचं चित्र आठवा. कित्येकांना ते तैलरंगातलं वाटतं. ते जलरंगात आहे. सार्जंट तर तैलरंगातल्या व्यक्तिचित्रांसाठी जगभर गाजलेला माणूस. ब्रुकलिनच्या संग्रहालयाने १९०९ साली त्याची ऐंशीहून जास्त चित्रं एकदम विकत घेतली, ती जलरंगातलीच. त्यांना काय कळत नव्हतं?

दुसरा गैरसमज म्हणजे शाळेत सगळ्यांनी केलंय, म्हणून हे सोपं. उलट आहे हो! तैलरंगात चुकलं तर खरवडा, वरून पांढरा लावा. इथे पांढरा म्हणजे कोरा कागद. तो एकदा झाकला की बहुतेक वेळा गेला तो गेलाच. शिवाय ओला असताना दिसतो त्यापेक्षा रंग वाळल्यावर फिका पडतो, म्हणजे अंदाज बांधूनच काम करायचं.

त्यात उघड्यावर बसलात तर हवाही चित्रात हात घालते. वाईच्या घाटावर मे महिन्यात आकाशाचा वॉश कागदाच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक वाळून जायचं, मधे कडक रेघ उरायची. मग कागद दोन्ही बाजूंनी भिजवून बघितला, रंग पातळ केला, मोठा ब्रश घेतला. पुढे वेंगुर्ल्याला गेलो तर नेमकं उलटं. दमट हवेत वॉश वाळता वाळेना, आणि घाईने वरून थेंब टाकला की फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग. तेच रंग, तोच कागद, तोच हात. महिनाभर हेच केलं. याला तुम्ही टाइमपास म्हणता?

"मग मोबाइलवर फोटो काढून घरी पंख्याखाली का नाही रंगवत?" हा पुढचा सल्ला. कारण फोटोत घाटाच्या पायऱ्यांची सावली काळीठिक्कर येते. तिथे बसून बघा. काळ्या दगडावर ऊन पडलं की तो चक्क पांढरट दिसतो, आणि सावलीत जांभळा असतो, वरच्या आकाशाचा निळा असतो. हे डोळ्याला दिसतं, आणि तेही बराच वेळ बघितल्यावर. फोटोवरून रंगवणारा कॅमेऱ्याने सोडून दिलेलं कुठून आणणार?

असो. किंमत ज्याची त्याने ठरवावी. पण "खरं पेंटिंग कधी?" असं पुन्हा विचारण्याआधी एक करा. पोराची रंगपेटी घ्या, भर दुपारी गच्चीत बसा आणि एका कागदावर एकसारखा, डाग न पडलेला निळा वॉश लावून दाखवा. फक्त एक.

मग बोलू.