उतरलेली नव्हे, विकत घेतलेली सायकल

गेल्या महिन्यात रविवारची वंदना आटोपल्यावर महिला मंडळातील एक ताई विहाराच्या ओट्यावर रेंगाळत राहिल्या. काही बोलायचे आहे हे तोंडावरच दिसत होते. ताई जवळच्या सोसायटीत चार घरी स्वयंपाकाला जातात. त्यांपैकी एका घरच्या बाईंनी आपल्या मुलाची जुनी सायकल "तुझ्या मुलीला घेऊन जा" म्हणून देऊ केली होती. मुलगी सहा वर्षांची, वर्षभर सायकलीचा ध्यास घेतलेली. पण घरी नवरा ऐकेना. "कुणाचे उतरलेले माझ्या दारात नको," एवढेच त्याचे म्हणणे. नवी घ्यावी तर तीन-चार हजार कोठून आणायचे? "भाऊ, तुम्हीच समजवा त्यांना," ताई म्हणाल्या.

आम्ही गेलो खरे, पण त्या भावाचे म्हणणे आम्हाला चूक वाटले नाही, हे आधीच सांगून टाकतो. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे-शिळे तुकडे सोडायला सांगितले, ते केवळ पोटाच्या आरोग्यासाठी नव्हे. या भावाच्या आजीने वाड्यावरची उतरलेली लुगडी नेसून जन्म काढला होता, आणि ते त्याने लहानपणी डोळ्यांनी पाहिले होते. शिवाय फुकट आलेल्या वस्तूची किंमत पुढे दुसऱ्याच रूपाने मोजावी लागते. दिवाळीला दोन तास जास्तीचे काम पडले आणि ताईंनी पैसे मागितले, की "सायकल दिली ना तुला!" हे ऐकायला मिळणारच.

पण बांधवांनो, खोट जुन्या वस्तूत नाही, फुकटात आहे. मोठमोठे साहेबलोक जुन्या मोटारी घेतात, त्यांना कोणी उतरलेली गाडी घेतली म्हणत नाही. आम्ही तोड सुचवली: सायकल नीट पाहायची, पसंत पडली तर दाम मोजायचे आणि चिठ्ठी घ्यायची. भाऊ बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "चिठ्ठीवर पैसे दिल्याचे लिहिलेले पाहिजे." आम्ही म्हटले, तेच तर लिहायचे.

आता सायकल पाहायची म्हणजे काय पाहायचे, हे जरा सविस्तर लिहितो, कारण यात आम्ही स्वतः एकदा चांगलेच फसलो आहोत. आमचा थोरला पाच वर्षांचा असताना आम्ही हिशेबीपणा करून त्याला वीस इंची सायकल आणली. वाढते वय आहे, चार वर्षे तरी चालेल, हा आमचा कारकुनी हिशेब. पोराचे पाय जमिनीला पोहोचत नव्हते. दुसऱ्याच दिवशी तो तोंडावर आपटला, पुढचा दात तुटला, आणि पुढे दोन वर्षे त्याने सायकलीला हात लावला नाही. कपडा वाढत्या अंगाचा घ्यावा, शिकण्याची सायकल कधीही घेऊ नये.

मुलांच्या सायकली चाकाच्या मापाने मिळतात: बारा, चौदा, सोळा, वीस इंच. साधारण पाच-सहा वर्षांच्या मुलाला सोळा इंची बसते, पण वयावर जाऊ नये, पायावर जावे. मुलाला अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे करावे, दोन पायांमध्ये वही आडवी धरून वरपर्यंत न्यावी आणि जमिनीपासून वहीपर्यंत टेपने मोजावे. सीट पूर्ण खाली केल्यावर तिची उंची या मापाएवढी किंवा किंचित कमी हवी, म्हणजे बसल्या जागी दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकतात. ताईंच्या मुलीचे माप वीस इंच भरले आणि सोळा इंची सायकलीची सीट साडेएकोणीसवर आली. आमचा निम्मा जीव तेथेच भांड्यात पडला.

मग सांगाडा. वेल्डिंगच्या प्रत्येक जोडावर बोट फिरवून चीर आहे का पाहावे. हँडलच्या मागे खालच्या नळीवर रंगाला सुरकुत्या पडल्या असतील, तर सायकल कोठेतरी जोरात आदळली आहे असे समजावे. बाजूला उभे राहून चिमटा सरळ आहे का पाहावे. चिमटा वाकलेला किंवा नळीला चीर असेल तर शंभर रुपयांतही घेऊ नये. "वेल्डिंग मारून देतो" म्हणणारे पुष्कळ भेटतात. पोरगे उतारावर असताना तो जोड सुटला तर वेल्डिंगवाला काही धरायला येत नाही. वरवरचा गंज मात्र भिण्यासारखा नसतो. चाक आऊट असेल, तारा सैल असतील, हँडलमध्ये खडखड असेल, तर मेस्त्री तासाभरात ठीक करतो.

ब्रेकचे तसे नाही. ब्रेक मोठ्या माणसाने दाबून पाहायचाच नाही, मुलाला दाबायला सांगायचे. बोटे मुठीपर्यंत पोहोचतात का, आणि त्याच्या ताकदीने चाक थांबते का? या सायकलीच्या दोन्ही वायरी गंजून अडकल्या होत्या, मुलीने दोन्ही हातांनी दाबले तरी हलेनात. मागची ट्यूब कुजलेली, चेन कोरडी. आम्ही हे सारे बाईंना मोजून दाखवले. त्या आधी पैसे घ्यायलाच तयार नव्हत्या. "अगं, पडूनच आहे, पैसे कसले?" तेव्हा आम्ही काही बोलण्याआधीच ताई म्हणाल्या, "मग राहू द्या, बाई." शेवटी सहाशेवर ठरले. नाक्यावरच्या मेस्त्रीने दोन ब्रेकवायरी, चार रबरे, एक ट्यूब आणि तेलपाणी मिळून साडेचारशे घेतले. एक हजार पन्नास रुपयांत सायकल धड झाली.

चिठ्ठीचा आग्रह आम्ही केवळ मानापोटी धरला नाही. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तेथे सायकली स्वस्त दिसतात, पण विकणाऱ्याचा पत्ता आपल्याकडे नसतो. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ३१७ मध्ये आहे. ज्याला माहीत नव्हते आणि तसे वाटण्याजोगे कारणही नव्हते तो गुन्हेगार नव्हे, हे खरे. पण आपल्या वस्तीतल्या पोराच्या हातात बरी सायकल दिसली की पहिला प्रश्न "कोठून आणलीस?" हाच असतो, आणि त्या वेळी तोंडी उत्तराला फार वजन नसते. म्हणून विकणाऱ्याचे नाव-पत्ता, तारीख, रक्कम, सही, आणि सायकलीच्या सांगाड्यावर ठोकलेला नंबर एवढे लिहून घ्यावे. हा नंबर बहुधा पायडलच्या दांड्याखाली, सायकल उलटी केल्यावर सापडतो.

शिकवण्याचे थोडक्यात. आमच्या वेळी तासाला रुपया देऊन भाड्याची सायकल मिळे आणि हाफ पायडल मारत गुडघे फोडून घ्यावे लागत. आता तसे करण्याचे कारण नाही. बाजूची दोन छोटी चाके लावूच नयेत. त्यांच्यावर मूल पायडल मारायला शिकते, तोल शिकत नाही. उलट पायडलच काढून ठेवावीत आणि मुलाने सीटवर बसून पायांनी ढकलत जावे. (डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते काढताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवावे. हे ठाऊक नसल्याने आम्ही एक पाना वाकवून ठेवला आहे.) पाय उचलून वीस-पंचवीस फूट तरंगत जाता आले की पायडल परत बसवावीत. डोक्याला हेल्मेट असलेले बरे.

विहारामागच्या पटांगणाला थोडा उतार आहे, तेथे हा कार्यक्रम चार संध्याकाळी चालला. एका मावशींनी "निळी आहे, मुलाची सायकल आहे" अशी शंका काढली. मुलगी घंटी वाजवण्यात गुंग होती. पाचव्या दिवशी भावाने कामावरून येऊन स्वतः पायडल बसवली, सीट धरून थोडे अंतर मागे धावला आणि हात सोडला. मुलगी सरळ भिंतीपर्यंत गेली, ब्रेक दाबून थांबली, आणि पाय टेकून ओरडली, "पप्पा, तुम्ही धरलेलेच नव्हते!"

सायकल वर्ष-दीड वर्षात तिला लहान होईल. तेव्हा ती वस्तीतच सहाशेला द्यायची, असे ताईंनी आताच जाहीर केले आहे. चिठ्ठी त्यांनी रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली आहे. घेणाऱ्याला ती सायकलीबरोबर मिळेल.