आपल्या हाताने खाल्लेला घास

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाचक भगिनीचे पत्र आमच्याकडे आले आहे. नाव छापू नये, अशी त्यांची विनंती आहे. त्यांच्या सात वर्षांच्या मुलाची उजवी बाजू जन्मापासून कमजोर आहे. डॉक्टरांनी ‘सेरेब्रल पाल्सी’ असे निदान केले आहे. मुलगा चालतो, बोलतो, शाळेत जातो. पण त्याला जेवू घालते दादी, कपडे चढवते अम्मी आणि आंघोळ घालतात अब्बा. आठवड्यातून एकदा त्याला एसटीने ‘ऑक्युपेशनल थेरपी’साठी नेतात. भगिनी लिहितात, “तिथे त्याला पीठ मळायला देतात, मणी ओवायला लावतात आणि घरी त्याला स्वतःच्या हाताने जेवू द्या म्हणतात. सासूबाई म्हणतात, माझा नातू मला जड नाही, त्याला कशाला छळता? भाडे जाते, फी जाते, माझे शिवणकाम बुडते. हे खरोखर उपचार आहेत की नुसता खेळ?”

असा प्रश्न पडलेली घरे आपल्यात पुष्कळ आहेत, म्हणून या वेळचे सदर आम्ही याच विषयाला दिले आहे.

आधी शब्दाचा घोळ सोडवू. ऑक्युपेशनल थेरपीला मराठीत ‘व्यवसायोपचार’ म्हणतात. ते ऐकून पुष्कळांना वाटते की हे नोकरीधंद्याचे काही प्रशिक्षण असावे. इथे व्यवसाय म्हणजे धंदा नव्हे. माणूस सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत जे जे करतो, ते सारे त्याचे व्यवसाय. लहान मुलाचे व्यवसाय म्हणजे खाणे, कपडे घालणे, दात घासणे, खेळणे, लिहिणे, मित्रांत मिसळणे. आजार, अपंगत्व किंवा वाढीतला फरक यांमुळे यातले काही अडले, तर ते काम मुलाला जमेल अशी वाट शोधून देणे, हा हा उपचार. हात किती वर उचलला जातो एवढेच पाहून व्यवसायोपचार तज्ज्ञ थांबत नाही. त्या हाताने शर्टाचे बटण लागते का, हे तो पाहतो.

हे शास्त्र आपल्याकडे नवे नाही. १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात कमला निंबकर यांनी देशातली पहिली व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. १९५२ मध्ये जागतिक महासंघ स्थापन झाला, तेव्हा त्याच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. आज मुंबईत के.ई.एम., नायर आणि शीव ही महापालिकेची रुग्णालये आणि नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथे हा विषय शिकवला जातो, आणि रुग्णही तपासले जातात.

आता मूळ प्रश्न. पीठ मळणे हा खेळ की उपचार? मुलाच्या दृष्टीने तो खेळ आहे आणि तसाच असायला हवा; कंटाळलेले मूल काही शिकत नाही. पण पीठ मळताना दोन्ही हात एकत्र येतात, तळव्यावर भार पडतो, बोटे उघडमीट करतात. मणी ओवताना कमजोर हात दोरी धरतो आणि चांगला हात मणी सरकवतो. उद्या हाच कमजोर हात थाळी धरून ठेवेल आणि दुसरा घास उचलेल. खेळ कशासाठी निवडला आहे, हे तज्ज्ञाने घरच्यांना सांगितलेच पाहिजे. सांगत नसतील तर विचारा. तो तुमचा हक्क आहे.

दुसरी बाब त्याहून महत्त्वाची. आठवड्यातून एकदाच्या पाऊण तासाने मूल घडत नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधक आयोना नोवाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली सेरेब्रल पाल्सीवरच्या उपचारांचा मोठा आढावा घेतला. एखादे नेमके काम ठरवून ते मुलाने स्वतः करून शिकणे आणि त्याचा घरी नियमित सराव करणे, याला त्यांना भक्कम पुरावा आढळला. मूल नुसते पडून आहे आणि दुसरे कुणी त्याचे हातपाय हलवते आहे, अशा पद्धतींना तेवढा आधार मिळाला नाही. म्हणजे त्या भगिनीचे एसटीचे भाडे वसूल व्हायचे असेल, तर ते घरातल्या दस्तरखानावरच होईल.

म्हणून जेवणापासूनच सुरुवात करू. एक सावधगिरी आधी. जेवताना मुलाला वारंवार ठसका लागत असेल, घास गिळायला त्रास होत असेल, तर सराव सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवा. तसे नसेल तर प्रथम बसण्याकडे पाहा. पाय लोंबकळत असले, पाठ एका बाजूला कलत असली, तर मुलाची सारी ताकद तोल सांभाळण्यात जाते आणि हातासाठी काही उरत नाही. पाय टेकतील अशी बुटकी खुर्ची, समोर कोपराच्या उंचीचे टेबल, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. जमिनीवरच बसवायचे असेल तर पाठ भिंतीच्या कोपऱ्याला टेकवा आणि थाळी छोट्या चौरंगावर ठेवा. थाळीखाली ओले फडके पसरले की ती सरकत नाही. चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून ते पक्के बांधले की पकड सोपी होते. कोरड्या भाताने सुरुवात करू नका, तो सांडतो. खिचडी, शिरा असे चमच्याला धरून राहणारे पदार्थ आधी द्या.

आणि दादींनी काय करायचे? त्यांना बाजूला सारू नका. पहिले पाच घास नातवाचे, बाकीचे दादीचे, असा करार करा. दोन आठवड्यांनी सात. सुरुवात संध्याकाळच्या नाश्त्याला करा, शाळेच्या गडबडीत नको. सांडेल, कपडे भरतील, वेळ लागेल. दादींना ते बघवणार नाही, हे आम्ही समजू शकतो. त्यांची माया खरी आहे. पण त्यांनाच एक गोष्ट सांगावीशी वाटते. आज नातू सात वर्षांचा आहे. तो सतरा वर्षांचा होईल तेव्हा त्याला भरवायला कोण असेल, आणि दुसऱ्याच्या हातून खायला त्याला कसे वाटेल?

उजव्या हाताचा प्रश्नही बहुतेक घरांत निघतो. उजवी बाजू कमजोर असलेले मूल डाव्या हाताने घास घेऊ लागले की कुणीतरी हातावर चापट मारते. उजव्या हाताने खाणे हा आपला अदब आहे, पण ज्याचा उजवा हात खरोखर चालत नाही त्याला सवलत आहे, हे उलेमा सांगतात. मनात शंका असेल तर आपल्या इमामसाहेबांना विचारून घ्या आणि ते उत्तर घरातल्या वडीलधाऱ्यांच्या कानी घाला. कमजोर हात मात्र मांडीवर पडून राहू देऊ नका. थाळी धरणे, पाव दाबून ठेवणे, पेल्याला आधार देणे ही त्याची कामे.

कपड्यांची रीत वेगळी. घालताना कमजोर हात आधी बाहीत, काढताना तो शेवटी. शिकवताना उलट्या टोकाने शिकवायचे. कुर्ता अम्मीने डोक्यातून, दोन्ही हातांतून घालावा आणि शेवटचा खाली ओढण्याचा भाग मुलाने करावा. ते जमले की एक बाही त्याची, मग दुसरी. यात प्रत्येक वेळी काम मुलाच्याच हातून पुरे होते आणि ‘मी घातला’ हे सुख त्याला पहिल्या दिवसापासून मिळते. पायजम्याला नाडीऐवजी इलॅस्टिक, बटणांमागे चिकटपट्टी, चपलेला मागून पट्टा, या शिलाईच्या गोष्टी. पत्र लिहिणाऱ्या भगिनी स्वतः शिवणकाम करतात. त्यांच्याइतके हे कुणाला चांगले जमेल?

वुजूसाठी बुटके स्टूल, पाय न घसरणारी चटई आणि एका हाताने फिरवता येईल असा दांड्याचा नळ एवढे पुरे. आधी फक्त हात धुणे मुलाचे, मग तोंड. क्रमाची चित्रे नळाशेजारी चिकटवली तर मूल ती पाहून पाहून शिकते.

आतापर्यंत हातापायांच्या अडचणींबद्दल बोललो. पण काही मुलांचे हातपाय ठीक असतात आणि अडते दुसरीकडेच. ऑटिझम असलेल्या पुष्कळ मुलांना आवाज, स्पर्श, गर्दी आपल्यापेक्षा फार तीव्र जाणवते. ईदच्या सकाळी कडक स्टार्चचा नवा कुर्ता घालताच मूल किंचाळते, लोक म्हणतात हट्टी आहे. त्याला कॉलरची पट्टी खरोखर टोचत असते. कपडे आठ दिवस आधी आणा, दोन-तीनदा धुऊन मऊ करा, आतले लेबल उसवून टाका, घरी थोडा वेळ घालून बघा. ईदगाहच्या गर्दीत नेण्यापूर्वी एखाद्या रिकाम्या दुपारी ती जागा दाखवून आणा. पाहुणे आले की त्याला जाऊन बसता येईल असा एक शांत कोपरा घरात ठेवा.

रमजानमध्ये साऱ्या घराची घडी बदलते. सहरीला दिवे, भांड्यांचे आवाज, रात्री उशिरापर्यंत जाग. नेमक्या क्रमावर विसंबून जगणारे मूल यात सैरभैर होते. चार दिवस आधीपासून त्याला चित्रांचे वेळापत्रक दाखवा: आता झोप, आता शाळा, आता इफ्तार. त्याच्या जेवणाची आणि झोपेची वेळ शक्यतो हलवू नका.

तिसरा गट लिहिण्यात अडणाऱ्या मुलांचा. शाळेत ‘आळशी’ हा शिक्का यांनाच आधी बसतो. पेन्सिल धरण्यापूर्वी खांदा, मनगट आणि बोटे तयार व्हावी लागतात. मटार सोलणे, कपड्यांना चिमटे लावणे, भिंतीवरच्या फळ्यावर खडूच्या छोट्या तुकड्याने रेघा ओढणे ही कामे त्यासाठीच. आपली पुष्कळ मुले सकाळी शाळेत डावीकडून उजवीकडे मराठी लिहितात आणि संध्याकाळी मकतबमध्ये उजवीकडून डावीकडे वाचतात. बहुतेकांना ते सहज जमते. ज्याचा गोंधळ होतो, त्याच्या वहीत ओळ जिथून सुरू होते त्या बाजूला लाल रेघ मारून द्या. उस्तादांनाही कल्पना द्या. मुलाला मार मिळण्याआधी द्या.

घरातल्या बाकीच्यांचे काय? सात वर्षांचे मूल रोज उचलून उचलून अम्मीची कंबर जाते. मुलाला उचलावे कसे, उठताना त्याची स्वतःची ताकद कशी वापरायला लावावी, न्हाणीघरात धरायला दांडा कुठे बसवावा, हेही तज्ज्ञाला विचारता येते. भावंडांना मदतनीस करा, पण रात्रंदिवस पहारेकरी करू नका; त्यांच्या वाट्याचा अर्धा तास वेगळा ठेवा. आणि सरावाला अब्बांनीही बसावे. थेरपी हे एकट्या आईचे काम मानले, की तिचे आजारपण म्हणजे मुलाचाही खाडा.

खर्चाबद्दल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी ‘निरामय’ ही वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे आणि तिच्यात थेरपीचा खर्चही धरला जातो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षे मोफत शिक्षणाचा हक्क आहे. त्यासाठी प्रमाणपत्र काढावे लागते. ‘लोक काय म्हणतील, उद्या बहिणीच्या रिश्त्याला अडचण येईल’ म्हणून पुष्कळ घरे ते काढतच नाहीत. नुकसान मुलाचे होते.

खासगी ठिकाणी जाणार असाल तर दोन गोष्टी विचारा. तज्ज्ञाकडे व्यवसायोपचाराची पदवी आणि राज्य परिषदेची नोंदणी आहे का? आणि पुढच्या तीन महिन्यांत माझे मूल कोणते काम स्वतः करू लागेल, असे तुम्ही ठरवले आहे? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘सुधारणा होईल’ एवढेच मिळाले, तर पुन्हा विचारा. जो ‘पूर्ण बरे करतो’ म्हणतो, त्याच्यापासून लांब राहा. ऑक्सिजनच्या पेटीत बसवणे सेरेब्रल पाल्सीवर उपयोगाचे नाही, असे वर सांगितलेल्या आढाव्यातच नोंदले आहे. स्टेम सेलच्या नावाने तर लोकांनी दागिने मोडले आहेत.

या महिन्यात एकच काम निवडा. चमचा, बटण, चप्पल, काहीही. रोज पंधरा मिनिटे, त्याच वेळी, त्याच जागी. कॅलेंडरवर खूण करत जा आणि महिनाअखेरीस काय झाले ते आम्हाला कळवा. जमले नाही तर तेही लिहा. पुढच्या अंकात अशा मुलांच्या शाळाप्रवेशाबद्दल बोलू, इन्शाअल्लाह.