पाण्याचे धडे पाण्याकडूनच

विज्ञान हा विषय आमच्या शाळांत शिकविला जातो असें म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः तो वाचला जातो, उतरून घेतला जातो आणि परीक्षा संपतांच विसरला जातो. द्रवाचा दाब खोलीबरोबर वाढतो, हें वाक्य घडाघडा म्हणणारीं मुलें हवीं तितकीं सांपडतील. तो दाब स्वतःच्या बोटाला लावून पाहिलेलें मूल मात्र विरळा. प्रयोगवहींत आकृति सुबक असते, निष्कर्ष बिनचूक असतो. प्रयोग तेवढा झालेला नसतो! हा दोष लहानसहान नव्हे. न केलेला प्रयोग 'केला' असें जो विद्यार्थी शाळेच्या संमतीनें लिहितो, त्यास विज्ञानाच्या नांवाखालीं असत्याचा धडा मिळतो. न्यायालयांत ज्यास खोटा पुरावा म्हणतात, त्यास शाळेंत गुण मिळावेत, ही स्थिति लाजिरवाणी होय.

जालना जिल्ह्यांतील घनसावंगी तालुक्याचेंच उदाहरण घ्या. दक्षिणेस गोदावरी, वरच्या अंगास पैठणचें १९७६ सालीं पुरें झालेलें जायकवाडी धरण, आणि उन्हाळ्यांत तळ गाठणाऱ्या विहिरी. येथील मुलाचें सारें आयुष्य पाण्याभोंवतीं फिरतें. धरणाची भिंत तळाशीं रुंद आणि माथ्याशीं अरुंद कां, हें त्यानें विचारूं नये काय? रिकाम्या बाटलीस एकावर एक तीन छिद्रें पाडून ती पाण्यानें भरावी. तळच्या छिद्रांतून पाणी सर्वांत जोरानें सुटतें आणि उत्तराचा मुख्य भाग डोळ्यांपुढें उभा राहतो.

विहिरीच्या काठावर ठेवलेला पंप ३३-३४ फुटांहून खोल पाणी ओढूं शकत नाहीं. व्यवहारांत तर २५ फुटांच्या सुमारासच तो दमतो. कारण पाणी खरोखर पंप ओढीत नसतो. बाहेरील हवा तें वर ढकलते, आणि हवेचें बळ तेवढेंच आहे. पंपाच्या ह्याच मर्यादेचा उलगडा करूं पाहणाऱ्या इटलींतील टॉरिचेलीच्या सूचनेवरून १६४३ च्या सुमारास पाऱ्याच्या नळीचा प्रयोग झाला व वायुभारमापकाचा जन्म झाला. जी अडचण तेथें शास्त्राची जननी झाली, ती आमच्या शेतकऱ्याच्या दारीं नित्य उभी आहे. पण त्याच्या मुलाला भरल्या पेल्यावर पुठ्ठा ठेवून तो उलटा करून पाहण्याचीहि संधि मिळूं नये ना?

व्यापारी वाचकांस हा पोरखेळ वाटेल. तो तसा नाहीं. एक लिटर शेंगदाणा तेलाचें वजन सुमारें ९१० ग्रॅम भरतें. लिटरची पिशवी किलोची समजून नेणारा ग्राहक ९० ग्रॅमांस मुकतो, आणि प्रामाणिक दुकानदारावर उगाच संशय घेतो. वर्गांत तराजू आणून एकदां तेल व पाणी तोललें, तर दोहोंचें समाधान होईल. दुधांत पाणी घातल्यास तरतें मापक खोल बुडतें. परंतु त्यांत साखर मिसळल्यास तेंच मापक फसतें. एका साक्षीवर निकाल देऊं नये, हें मुलास ह्याहून चांगलें कोण शिकवील?

साहित्य नाहीं, वेळ नाहीं, अभ्यासक्रम पुरा करावयाचा आहे, अशी सबब सांगण्यांत येते. पैकीं पहिली सबब टिकत नाहीं. मध्यप्रदेशांत होशंगाबादच्या खेडेगांवच्या शाळांतून १९७२ पासून मुलें स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकत होतीं. तो उपक्रम २००२ सालीं सरकारनें बंद केला. मुंबईंत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून आहे. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाचीं खेळणीं करणारे अरविंद गुप्ता ह्यांनीं पुण्याच्या आयुका संस्थेंत अनेक वर्षें हेंच कार्य केलें. तेव्हां ज्ञान घरचेंच आहे, उणीव इच्छेची आहे. वेळेची तक्रार मात्र खरी आहे. शिक्षकास कागद भरण्यास व नाना सरकारी कामांस जुंपून त्याच्याकडून प्रयोगांची अपेक्षा करणें हा अन्याय होय.

आमच्या मागण्या तीनच आहेत. प्रयोगाची परीक्षा वहीवर न घेतां चिठ्ठी काढून परक्या परीक्षकासमोर हातांनीं घ्यावी. आठवड्यांतून एक जोडतास ह्याच कामीं राखावा व तेवढ्यापुरतें तरी शिक्षकास इतर ओझ्यांतून मोकळें करावें. आणि गांवच्या व्यापाऱ्यांनीं जुने तराजू, मापें, रिकामे डबे शाळेस द्यावेत. ह्यास देणगीहि म्हणावयास नको.

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं मराठवाडा निजामी राजवटींतून मुक्त झाला. तथापि 'पुस्तकांत आहे, म्हणून खरें' असें मानणारी बुद्धि अजून प्रजाच आहे, नागरिक नव्हे. जो मुलगा पाण्याचें म्हणणें स्वतः तपासून पाहतो, तोच उद्यां पुढाऱ्याचें म्हणणें, जाहिरातीचें म्हणणें, आणि प्रसंगीं आमचेंहि म्हणणें तपासून पाहील. स्वराज्यास असेच नागरिक हवे आहेत.