दोनशेवीसचा पेपर

शिकल्यासवरल्या माणसाने स्वतःच्या हाताने काही घासणे हा नांदेडात गुन्हा नाही. पण त्याचा खुलासा मात्र द्यावा लागतो. जुन्या बुलेटच्या इंजिनावरची अ‍ॅल्युमिनियमची झाकणं, म्हणजे रॉकर कव्हरं, काढून मी ओट्यावर पेपर घेऊन बसलो, की येणारा-जाणारा थांबतोच. "काय करायलाव, सर?" असं विचारतो आणि उत्तराची वाट न पाहता सल्ला देतो, "बफिंगला टाका की! दहा मिनटांत चकाचक."

माझं भांडण आहे ते या दहा मिनिटांशी.

झाकण चमकल्याने गाडी पेट्रोल कमी पीत नाही, की जोरात पळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. "मग उपयोग काय?" म्हणाल, तर रोज सकाळी दारापुढं रांगोळी काढणाऱ्या बाईला जाऊन हा प्रश्न विचारा; आणि विचारण्याआधी जरा लांब उभे राहा.

आता शास्त्र ऐका. झाकण इंजिनावरून उतरवूनच घासायचं. पेपरची पूड तेलात गेली, तर चमकेल झाकण आणि खलास होईल इंजिन. जिथे गॅस्केट बसतं त्या कडेला हात लावायचा नाही. ओरखडे खोल असतील तर 220 नंबरच्या वॉटर पेपरपासून सुरुवात. मग 400, 600, 800, 1000, 1500, 2000 आणि शेवटी फडक्यावर मेटल पॉलिश. अ‍ॅल्युमिनियम मऊ, त्यामुळे कोरडा पेपर लगेच भरून जातो; म्हणून पाणी आणि साबणाचा एखादा थेंब. (एक तपेलीभर पाणी पुरतं. 2016 साली मिरजेहून आगगाडीने पाणी आणावं लागलेल्या लातूरकरांनीही घाबरू नये.) एक पेपर आडवा घासला, तर पुढचा उभा. आधीचे आडवे ओरखडे पूर्ण दिसेनासे झाले, की मगच तिसरा हातात घ्यायचा.

सगळी गोम इथेच आहे. पुढचा पेपर फक्त मागच्या पेपरचे ओरखडे काढतो. त्याच्या मागच्याचे काढणं त्याच्या आवाक्यात नसतं. मधले सोडून थेट 2000 वर उडी मारलीत, तर झाकणात तुमचा चेहरा दिसेल, पण मांजराने बोचकारलेला.

बफिंगचं चाक ही वाईट वस्तू नव्हे. बफिंगवाल्याला नगावर पैसे मिळतात, घर चालवायचं असतं. काळी धूळ नाकातोंडात घेत तो बिचारा उभा असतो. माझा राग आहे तो "लवकर आटपा" म्हणून त्याच्या डोक्यावर बसणाऱ्या गिऱ्हाइकावर. घाईत चाक टेकलं, की झाकणाच्या कडा गोल होतात, सपाट जागी लाटा उठतात. मग आपण म्हणतो, "काम करणारे पहिल्यासारखे राहिले नाहीत." अहो, गिऱ्हाईक तरी कुठं राहिलंय?

माझा भाचा लातूरला क्लासला असतो. लातुरात 'पेपर' म्हटलं, की तो सोडवायचाच असतो. सुट्टीत आला तेव्हा मी त्याच्या हातात दुसऱ्या जातीचा पेपर दिला. त्याने तो उलटसुलट केला, प्रश्न कुठे छापलेत ते बघितलं असावं, आणि विचारलं, "मामा, डायरेक्ट दोन हजारचा घेऊ का?"

त्याला मी काही बोललो नाही. लातूर पॅटर्नची मी टिंगल करणार नाही. धडा पुरता झाल्याशिवाय पुढे सरकू नका, चाचणी द्या, चुका काढा, पुन्हा द्या, हेच तर त्याचं बळ. म्हणजे कागदावर 220 ते 2000 या पोरांना पाठ आहे. पण हाताचं काम एकच राहिलं आहे, उत्तरपत्रिकेवरचे गोल काळे करणे! उद्या यांतलाच एखादा माझ्या पोटाला टाके घालणार आहे, एखादा पूल बांधणार आहे. बोटांना धीर कशाशी खातात हे आधी कुठे तरी कळायला नको?

आणि नांदेडने तरी घासण्याला नाकं मुरडू नयेत. गुरू गोविंदसिंगांनी 1708 साली जिथे देह ठेवला, त्या या गावात शिकलगार शीख राहतात. शिकलगार म्हणजेच शस्त्रांना धार आणि चकाकी देणारा. ज्या गावात या कामाला स्वतःचं नाव आहे, तिथे आम्ही घासणाऱ्याला रिकामटेकडा म्हणतो. खंडेनवमीला पाना-पकडीला हळदकुंकू वाहायचं आणि दशमीला पोरगा पान्याला शिवला, की "ठेव ते, हात काळे होतील, अभ्यास कर!" वर्षात एक दिवस देव, बाकीचे दिवस विटाळ!

विरोधकांचा शेवटचा बाण माझ्या ओळखीचा आहे. "कितीही घासा, अ‍ॅल्युमिनियम हवेनं पुन्हा मळकं पडायलंय." पडणारच. हवा लागताच त्यावर पातळ थर धरतो. तोच त्याला सांभाळतो आणि तोच हळूहळू त्याचं तेज घालवतो. पुन्हा घासावं लागतं. पण पुन्हा मळणार म्हणून या मंडळींनी अजून आंघोळ सोडल्याचं माझ्या ऐकिवात नाही.