लग्नाला यायचंच हं, गोव्याला!

पत्रिका व्हॉट्सअॅपवर येते. तिच्यात माड डुलत असतात, मागे समुद्र, आणि खाली ‘सहकुटुंब यावे’. आपण ऑफिसात बसल्या बसल्या गॉगल निवडायला लागतो. तिकीट, राहणं, सुट्टी वगैरे ‘बघू नंतर’! मंडळी, मीही तेच केलं आणि चार वर्षं नेरूळला एका खोलीत राहिलेल्या मैत्रिणीच्या लग्नात अक्षता टाकायच्या राहून गेल्या.

लग्न काणकोणला, पाळोळेच्या किनाऱ्याजवळ. शनिवारी दुपारी 12.50 चा मुहूर्त. नेरूळहून उलटं सीएसएमटीला कशाला जा, पनवेललाच कोकणकन्या पकडू, असा हुशार विचार केला. विचार बरोबरच होता. पण ही गाडी सीएसएमटीहून रात्री अकराच्या सुमारास सुटते आणि पनवेलला येते ती बारा वाजून गेल्यावर. म्हणजे तारीख बदललेली! मी शुक्रवारी रात्री निघायचं म्हणून पनवेलचं तिकीट शुक्रवारचं काढलं. शुक्रवारी रात्री मेंदीचे हात आणि पैठणीची बॅग सांभाळत स्टेशनवर उभी, आणि माझा बर्थ आदल्या रात्रीच माझ्याशिवाय मडगावला निघून गेलेला. जनरलच्या डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. घरी परत आले, आईला फोन करून रडले, सकाळी मांडवीच्या जनरलमध्ये कशीबशी घुसले.

मुहूर्ताच्या वेळी गाडी रत्नागिरीच्या अलीकडे होती. नवरीच्या भावाने व्हिडिओ कॉल लावला. अंतरपाट दिसत होता, मंगलाष्टकं ऐकू येत होती. शेजारच्या काकूही मान वाकडी करून बघत होत्या... आणि गाडी करबुडेच्या बोगद्यात शिरली. 6.5 किलोमीटरचा बोगदा! बाहेर आल्यावर फोन लागला, तेव्हा पंगत बसली होती.

तर तुमचं असं होऊ नये म्हणून. पहिलं म्हणजे पनवेलहून रात्रीची गाडी असेल तर तारीख दोनदा वाचा, आणि शक्यतो मुहूर्ताच्या आदल्या दिवशीच पोचा. दुसरं, रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. नोव्हेंबर 2024 च्या आधी 120 दिवस मिळायचे, ती चैन संपली. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, मग नाताळची गर्दी. त्यामुळे पत्रिका आली की साठावा दिवस कॅलेंडरवर टाका, बॉसकडे सुट्टीही तेव्हाच मागा.

‘गोवा’ हा पत्ता नव्हे, हे मला उशिरा कळलं. कळंगुट-बागाकडे लग्न असेल तर थिवी स्टेशन सोयीचं, काणकोणकडे असेल तर मडगाव. विमानाचंही तसंच. दाबोळी आहेच, पण जानेवारी 2023 पासून मोपाही सुरू झालंय, आणि मोपा म्हणजे गोव्याचं पार उत्तरेचं टोक. स्वस्त दिसलं म्हणून मोपाचं तिकीट काढून काणकोणच्या लग्नाला निघालात, तर वाचलेले पैसे टॅक्सीत जातील. तिथे ओला-उबर नाही. गोवामाइल्स हे अॅप आहे, नाहीतर स्टँडवरची टॅक्सी. स्कूटर भाड्याने घेणार असाल तर काळी पाटी नि पिवळी अक्षरं असलेलीच घ्या, साध्या पांढऱ्या पाटीवाल्या गाडीवर पोलीस थांबवतात. आणि आपल्या नवी मुंबईचं विमानतळ 25 डिसेंबर 2025 ला सुरू झालंय, तेव्हा सांताक्रूझला धावण्याआधी इथलंही तिकीट बघून घ्या.

खोलीचा खर्च कोण करणार, हा प्रश्न नवरीला विचारू नका, बिचारी आधीच हळद आणि हॉटेलच्या मॅनेजरमध्ये अडकलेली असते. तिच्या भावाला किंवा बहिणीला सरळ विचारा: किती रात्री, किती जणांत एक खोली? लाजून गप्प बसणाऱ्याला चेकआउटच्या काउंटरवर घाम फुटतो. आणि बजेटमध्ये बसत नसेल तर लवकर ‘नाही’ म्हणा. ताटांचा हिशोब आधीच गेलेला असतो, शेवटच्या आठवड्यातला नकार जास्त लागतो.

कपड्यांचं काय? दुपारी किनाऱ्यावर भारी पैठणी नेसायची हौस मला होती, आता नाही. कॉटन सिल्क, सपाट चपला (टाचा वाळूत रुततात!) आणि सेफ्टी पिनांचं अख्खं पाकीट. आहेर म्हणून डिनर सेट उचलू नका, पाकीट द्या. संगीतमध्ये उघड्यावर डीजे रात्री दहाला बंद होतो, तेव्हा नाचायचं असेल तर वेळेवर जा. येताना स्वस्त म्हणून बाटल्या बॅगेत भरू नका. गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे.

मी काणकोणला पोचले तेव्हा रिसेप्शन अर्धं उरकलं होतं. स्टेजवर गेले. तिने आधी घट्ट मिठी मारली, मग चिडली.

“तारीख बघायची ना गं!”

मी म्हटलं, “अक्षता तरी दे, आता टाकते.”

“संपल्या. आइस्क्रीम आहे, ते तरी संपायच्या आत जा.”